आकडा कोणाच्या हातचा?

आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका आहेत. माध्यमिक शाळेत त्यांनी तीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीला चार वर्षे उरली असताना एका सकाळी चूळ भरताना त्यांच्या उजव्या गालातून विजेचा झटका बसावा तशी कळ गेली. दोन-तीन सेकंदांत थांबलीही. आठवड्याभराने पुन्हा आली, मग रोज येऊ लागली, मग दिवसातून वीस-वीस वेळा. दात घासताना, भाकरीचा घास चावताना, गालाला पदर लागला तरी. हजेरी घेताना ओठ हलले की कळ उठे, म्हणून वर्गातल्या एका मुलीकडून त्या हजेरी घेववू लागल्या. वाऱ्याच्या भीतीने भर उन्हाळ्यातही डोक्याला स्कार्फ गुंडाळून रिक्षात बसू लागल्या. दाढच दुखते आहे असे समजून दंतवैद्याकडे गेल्या. एक दाढ काढली. कळ तशीच राहिली, म्हणून शेजारची काढली.

दोन दाढा गेल्यावर त्यांना कोणीतरी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे निदान व्हायला दहा मिनिटेही लागली नाहीत. ट्रायजेमिनल न्युराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या त्रिशाखी चेतेचे दुखणे. गोळ्यांनी कळा थांबल्या. पाच-सहा वर्षांनी मात्र गोळ्या वाढवूनही भागेना, तेव्हा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. कागदपत्रांची पिशवी घेऊन बाई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात, शंभरातले सत्तर जण दहा वर्षांनीसुद्धा बरे असतात. सत्तर म्हणजे पहिल्या वर्गाहूनही जास्त की! मग कुठेही करून घेतली तरी चालेल ना?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

आधी दुखण्याविषयी. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्या आपण जीवशास्त्रात शिकवतो. त्यांतली पाचवी जोडी त्रिशाखी. तिची एक शाखा कपाळाकडे, दुसरी गाल व वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. चेहऱ्यावरचा स्पर्श, थंड-गरम आणि वेदना यांची खबर ती मेंदूला देते. चेहऱ्याचे हावभाव घडवणारे स्नायू मात्र सातव्या चेतेच्या ताब्यात असतात. दोन्ही चेता चेहऱ्याच्याच, त्यामुळे घोटाळा होतो, आणि तो पूर्वी फार महागात पडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चार्ल्स बेल यांनी या दोन चेतांची कामे वेगळी करून दाखवली. त्याआधी या कळांसाठी काही शल्यविशारद सातवी चेताच कापत. चेहऱ्याची ती बाजू लुळी पडे आणि कळा होत्या तशाच राहत.

कळ का येते? चेतातंतूंवर विजेच्या तारेवर असावे तसे मायलिनचे आवरण असते. त्रिशाखी चेता मेंदूच्या मस्तिष्कस्तंभातून जिथे बाहेर पडते, तिथे एका प्रकारच्या मायलिनची जागा दुसऱ्या प्रकारचे मायलिन घेते. हा सांधा नाजूक असतो. बऱ्याच रुग्णांत नेमकी इथेच एखादी रोहिणी चेतेला टेकलेली असते. वय वाढते तशा रोहिण्या लांबतात, वळसे घेतात. प्रत्येक ठोक्याबरोबर चेतेवर दाब पडतो आणि वर्षानुवर्षांच्या या टोल्यांनी आवरण झिजते. मग साध्या स्पर्शाची खबर आणणाऱ्या तंतूमधला संदेश शेजारच्या वेदनेच्या तंतूत उडी मारतो. पदर गालाला लागला एवढीच खबर निघते आणि मेंदूला ती असह्य वेदना म्हणून पोचते. उघड्या तारा एकमेकींना चिकटल्यावर घरात काय होते ते मुलांना सांगावे लागत नाही.

सगळ्यांच्याच बाबतीत रोहिणीचा दोष असतो असे नाही. कधी गाठ असते. तरुण वयात किंवा दोन्ही बाजूंना दुखणे असेल तर मल्टिपल स्क्लेरॉसिसचा संशय घ्यावा लागतो. म्हणून एमआरआय करतात. पण निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते. क्षणिक, विजेसारखी, एकाच बाजूची, स्पर्शाने उठणारी आणि मधल्या काळात पूर्ण थांबणारी कळ हे या दुखण्याचे खास रूप. सतत ठणकणारा, जळजळणारा चेहरा ही वेगळी तक्रार आहे आणि शस्त्रक्रियेचा तिला तितका उपयोग होत नाही. हा फरक पुढे पुन्हा लागणार आहे.

औषधांमध्ये कार्बामाझेपिन अजून पहिल्या क्रमांकावर आहे. ते १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये बासेल येथील गायगी कंपनीत तयार झाले आणि १९६२ साली स्वीडनमधल्या ब्लूम यांनी या दुखण्यावर त्याचा गुण नोंदवला. मूळचे ते फेफऱ्याचे औषध म्हणून ओळखले जाते. गुण चांगला येतो, पण डोस वाढत गेला की झोप, भोवंडणे, तोल जाणे सुरू होते, रक्तातले सोडियम उतरते, आणि क्वचित त्वचेवर गंभीर, जिवावर बेतणारी रिॲक्शन येते. बाईंचे सोडियम उतरले होते आणि एकदा त्या जिन्यात पडल्या होत्या.

गोळ्या चालेनाशा झाल्या की दोन वाटा राहतात. पहिली, चेतेला मुद्दाम थोडी इजा करण्याची. गालातून सुई घालून उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा फुग्याच्या दाबाने, नाहीतर गॅमा किरणांनी. यांतल्या ग्लिसरॉलचा शोध योगायोगाचा. स्टॉकहोममध्ये हॉकन्सन नावाचे डॉक्टर किरणांचा नेम साधण्यासाठी धातूची खूणभुकटी ग्लिसरॉलमधून चेतेजवळ सोडत होते. किरण देण्याआधीच काहींच्या कळा थांबल्या, तेव्हा गुण ग्लिसरॉलचा आहे हे लक्षात आले. या वाटेने कवटी उघडावी लागत नाही, म्हणून फार वयस्कर किंवा अशक्त रुग्णांना ती सोयीची. पण गाल कमीअधिक बधिर होऊ शकतो आणि दुखणे परतण्याचे प्रमाण जास्त असते. क्वचित बधिर झालेल्या भागातच न थांबणारी वेदना सुरू होते, आणि ती मूळ दुखण्यापेक्षा वाईट असते.

दुसरी वाट चेता शाबूत ठेवून दाब काढण्याची. तिची गोष्ट शिक्षकांना आवडेल अशी आहे. रोहिणी चेतेला टेकलेली असते हे बॉल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी १९३४ सालीच लिहून ठेवले होते. पण सूक्ष्मदर्शकाशिवाय त्या खोल जागी हात घालणे धोक्याचे होते आणि त्यांचे म्हणणे बहुतेकांना पटलेही नाही. पुढे १९६० च्या दशकात पीटर जॅनेटा नावाचे तरुण डॉक्टर लॉस एंजेलिसमध्ये दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मृतदेहातील कर्पर चेतांचे विच्छेदन करत होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना चेतेवर टेकलेली रोहिणी दिसली. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या तयारीतून पुढची शस्त्रक्रिया निघाली. १९६७ साली त्यांचा लेख आला. १९७१ पासून ते पिट्सबर्ग येथे होते आणि हयातभर हीच शस्त्रक्रिया करत, शिकवत राहिले. २०१६ साली ते वारले.

आता बाईंच्या 'सत्तर'कडे वळू. हा आकडा १९९६ सालच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील एका लेखातला आहे. वीस वर्षांच्या काळातले ११८५ रुग्ण. त्यांतल्या बहुतेकांचा माग वर्षाहून अधिक काळ, मध्यक सहा वर्षांहून जास्त, ठेवला होता. दहा वर्षांनंतर ७० टक्के रुग्ण गोळ्यांशिवाय वेदनामुक्त होते. शस्त्रक्रियेनंतर लवकरच दगावलेले दोघे, म्हणजे ०.२ टक्के. त्या बाजूचा कान गेलेले सोळा, सुमारे १ टक्का. आकडे उत्तम आहेत आणि प्रामाणिकपणे दिलेले आहेत. फक्त ते पिट्सबर्गचे आहेत, जॅनेटांच्या स्वतःच्या विभागातले. ही शस्त्रक्रिया ज्यांनी घडवली आणि जगात बहुधा सर्वांत जास्त केली, त्यांच्या हातचे.

एखाद्या गावातल्या शाळेने बोर्डात आलेल्या दुसऱ्या शाळेचा निकाल आपल्या फाटकावर लावला तर आपण हसू. दवाखान्यात मात्र हे रोज घडते आणि कोणाला खटकत नाही. डॉक्टर खोटे बोलत नसतात. त्यांनी पुस्तकातला आकडा सांगितलेला असतो. 'तुमच्या हातचा आकडा काय?' हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

समजा, विचारले. उत्तर आले, "मी दहा केल्या, एकही बिघडली नाही." याचा अर्थ काय घ्यायचा? हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात चिंचोक्यांनी सोडवता येतो. एका पिशवीत शंभर चिंचोके घ्या. त्यांतल्या दहांना चुन्याची खूण करा. हे झाले बिघडलेले प्रसंग, दहा टक्के. प्रत्येक मुलाने न बघता एक चिंचोका काढायचा, खूण आहे का ते लिहायचे, परत टाकायचा, पिशवी हलवायची, असे दहा वेळा. खूण असलेला चिंचोका एकदाही न आलेली मुले किती, ते मोजा. चाळीसच्या वर्गात साधारण चौदा निघतील, कारण ०.९ चा दहावा घात सुमारे ०.३५ येतो. म्हणजे दर दहांत एक शस्त्रक्रिया बिघडवणाऱ्या शल्यविशारदालाही पहिल्या दहांत एकही न बिघडण्याचे भाग्य तीनांतल्या एका वेळी मिळते. तो खोटे बोलत नाही, पण त्याच्या 'शून्या'त फारसे काही सांगण्याजोगे नाही.

संख्याशास्त्रात यासाठी तिनाचा एक सोपा नियम आहे. अमुक इतक्या वेळा एकही वाईट प्रसंग घडला नसेल, तर खरा धोका जास्तीत जास्त तीन भागिले ती संख्या इतका असू शकतो, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. तीस शस्त्रक्रियांत शून्य, तर धोका दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. तीनशेंत शून्य, तर एक टक्क्यापर्यंत. वर्षाला तीन शस्त्रक्रिया करणाऱ्याला तीनशे गाठायला शंभर वर्षे लागतील. (दहांसारख्या लहान संख्येला नियम थोडा ढिला पडतो. ३० टक्के मिळतात, नेमके उत्तर २६ आहे. वर्गातल्या हुशार मुलांना ते काढायला सांगावे.)

वर्षाला तीन हा आकडा आम्ही हवेतून घेतलेला नाही. अमेरिकेतील १९९६ ते २००० या काळातल्या अशा सुमारे सोळाशे शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीनशेहून अधिक रुग्णालये त्यात होती. एका शल्यविशारदाच्या वर्षभरातील शस्त्रक्रियांचा मध्यक होता फक्त तीन, आणि सर्वांत जास्त करणाऱ्याच्या १०७. इतकी मोठी दरी! मृत्यू एकूण ०.३ टक्के, म्हणजे थोडेच. पण शस्त्रक्रियेनंतर घरी न जाता दुसऱ्या संस्थेत हलवावे लागणारे रुग्ण सर्वांत कमी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांच्या गटात ५.१ टक्के होते, सर्वांत जास्त करणाऱ्या गटात १.६ टक्के. तिपटीचा फरक.

सरावाने हात बसतो हे आपल्याकडे नवे नाही. सुश्रुतसंहितेत योग्यासूत्रीय नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, काकडी अशा फळांवर करावा, शिर वेधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर करावा, असे त्यात सांगितले आहे. पण सराव आणि निकाल यांचा संबंध आकड्यांत मांडला गेला तो १९७९ साली. लुफ्ट, बंकर आणि एन्थोव्हेन यांनी अमेरिकेतील सुमारे पंधराशे रुग्णालयांतील बारा प्रकारच्या शस्त्रक्रिया तपासल्या. हृदयाच्या शस्त्रक्रियांसारख्या काही प्रकारांत वर्षाला दोनशेहून अधिक करणाऱ्या रुग्णालयांतले मृत्यू २५ ते ४१ टक्क्यांनी कमी होते. खुब्याचा सांधा बदलण्यात पन्नास ते शंभरांतच फायदा जवळजवळ पुरा मिळत होता. पित्ताशय काढण्यात तर संख्येचा आणि मृत्यूंचा संबंधच दिसला नाही. ही तिसरी गोष्ट विसरू नये. प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरातले मोठे नाव शोधत फिरण्याची गरज नसते. अपेंडिक्ससाठी जवळचा चांगला सर्जन पुरतो. जी शस्त्रक्रिया विरळा आहे आणि जिथे चुकीला जागा नाही, तिथे हा प्रश्न विचारायचा.

इथे एक शंका विद्यार्थ्यांनी काढलीच पाहिजे. जास्त केल्यामुळे हात चांगला होतो, की हात चांगला म्हणून लोक तिकडे जातात आणि संख्या वाढते? १९७९ च्या लेखकांनाही ही शंका होती. बहुधा दोन्ही खरे आहे. रुग्णाच्या दृष्टीने मात्र फरक पडत नाही. संख्या कोणत्याही कारणाने मोठी असो, ती उपयोगाची खूण आहे.

चुकीला जागा नाही असे म्हणतो, ती जागा कशी असते? कानामागे हाडाला जुन्या रुपयाएवढे भोक पाडतात. त्याच्या कडेलाच मेंदूतले अशुद्ध रक्त वाहून नेणारे दोन मोठे शिरामार्ग एकमेकांना मिळतात. आत अनुमस्तिष्क हलकेच बाजूला धरतात. वाटेत ऐकण्याची आठवी चेता असते. अनुमस्तिष्क जास्त ओढले की ती ताणली जाते आणि कान जातो. पुढे एक शीर आडवी येते, ती सांभाळायची किंवा कौशल्याने बंद करायची. मग त्रिशाखी चेता आणि तिच्यावर टेकलेली रोहिणी. रोहिणी सोडवून मध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा बोळा ठेवतात. सांगायला चार ओळी. आम्हाला मात्र हाताच्या कसबापेक्षा यातले निर्णय जास्त अवघड वाटतात. पहिली रोहिणी सापडली म्हणून थांबायचे, की चेतेच्या मागे आणखी एक लपली आहे का ते पाहायचे? बोळा किती ठेवायचा? कमी पडला तर सरकेल, जास्त झाला तर तोच दाबेल. आणि रोहिणी सापडलीच नाही तर? शंभरातल्या काही रुग्णांत असे होते. तेव्हा चेतेला थोडी इजा करायची की तसेच बंद करून बाहेर यायचे, हे टेबलावर उभ्या उभ्या ठरवावे लागते. वर्षाला तीन करणाऱ्याला असा रुग्ण भेटायलाच काही वर्षे जातात.

याहून मोठा निर्णय टेबलाच्या आधीचा असतो, शस्त्रक्रिया करायची की नाही हा. वर म्हटलेली ठणकणारी, जळजळणारी तक्रार असलेल्या रुग्णाला 'तुमच्यासाठी ही शस्त्रक्रिया नाही' असे सांगून परत पाठवणारा शल्यविशारद आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो. 'किती केल्या?' याबरोबर 'किती जणांना नाही म्हणालात?' हेही विचारावे.

नुसत्या आकड्यांच्या मागे लागण्यातही धोका आहे. न्यूयॉर्क राज्यात १९९१ पासून हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्यांचे मृत्युदर नावानिशी जाहीर होऊ लागले. त्याने सुधारणा झाली असे काहींचे म्हणणे, तर आकडा खराब होईल म्हणून अवघड रुग्ण टाळले जाऊ लागले असे इतरांचे. अवघड रुग्ण घेणाऱ्याचा कच्चा आकडा वाईट दिसतो, जसा कच्च्या मुलांचा वर्ग घेणाऱ्या शिक्षकाचा निकाल. आपल्याकडे असे आकडे लोकांसमोर मांडणारी व्यवस्थाच नाही. त्यामुळे विचारणे हाच मार्ग उरतो, आणि विचारायला आपण संकोचतो. डॉक्टरांचा अपमान होईल असे वाटते.

आणि प्रत्येक शल्यविशारदाला कधीतरी पहिली शस्त्रक्रिया करावीच लागते. सगळ्यांनी जुन्याजाणत्यांकडेच जायचे ठरवले तर पुढची पिढी तयार कशी होणार? याला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयांत नवखा हात अनुभवी डोळ्यांखाली काम करतो, तो त्यातल्या त्यात बरा मार्ग. म्हणून तिथे विचारायचा प्रश्न थोडा वेगळा असतो. कवटीच्या आतले काम कोण करणार, आणि त्या वेळी शेजारी कोण उभे असणार?

बाईंसाठी आम्ही वहीच्या एका पानावर प्रश्न लिहून दिले. गेल्या वर्षी याच दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया तुम्ही किती जणांवर केली? त्यांतले किती जण आज गोळ्यांशिवाय आहेत, आणि हे तुम्ही नंतर फोन करून, भेटून पाहिले आहे का? किती जणांचा कान गेला, किती जणांच्या जखमेतून मेंदूभोवतीचे पाणी गळले? रोहिणी सापडली नाही तर काय कराल? शस्त्रक्रिया चालू असताना ऐकण्याच्या चेतेवर यंत्राने लक्ष ठेवण्याची सोय आहे का? माझ्याच घरची व्यक्ती असती तर तुम्ही कुठे पाठवली असती?

जिल्ह्याच्या गावच्या शल्यविशारदांनी पान शांतपणे वाचले. "वर्षाला दोन, फार तर तीन," ते म्हणाले. शेवटच्या प्रश्नापाशी थोडे थांबले, मग औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर मोठ्या शहरातल्या आपल्या गुरूंचे नाव लिहिले आणि बाईंच्या समोरच त्यांना फोन लावला. खर्च वाढला, मुलाला पंधरा दिवस रजा घ्यावी लागली, दोन वेळा गाडीने हेलपाटे झाले. हा खर्च सगळ्यांना झेपेल असे नाही, आणि ज्यांना झेपत नाही त्यांना 'अनुभवी हात निवडा' हा सल्ला कोरडाच वाटणार, हेही आम्ही जाणतो.

शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष झाले. दुखणे परतायचे असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत परतते, म्हणून आम्ही अजून काही बोलत नाही. परवा बाईंचा फोन आला. मध्येच कुरकुर ऐकू येत होती. विचारले, तर म्हणाल्या, शेंगदाण्याची चिक्की खाते आहे. उजवीकडे दोन दाढा नाहीत, तरी त्याच बाजूने.